मागे थांबायचा मान

गल्लीतले शहाणे लोक ताईसमोर बेटाचं नाव काढत नसत. काढलं की पाव राहिला फळीवर आणि ताई पोचली बेटावर.

"अहो, तिथले पक्षी जमिनीत बिळं करून राहतात! खोटं नाही सांगत! आणि आपण जवळून गेलो तरी हलत नाहीत. उलट असे बघतात, जसं काही आपणच त्यांच्या अंथरुणावर जाऊन बसलोय!"

पुढचं गिऱ्हाईक हसायचं, मागचं घड्याळ बघायचं, आणि त्याच्याही मागचं म्हणायचं, "ताई, पाव!" पण बेटाचं वर्णन पुरं झाल्याशिवाय पाव मिळायचा नाही. वर्णनही साधं नव्हे, ठणठणीत आवाजात. त्या घरात पीठ मळायचं यंत्र इतकं जुनं आणि इतकं खडखडणारं होतं, की त्याच्यावर आवाज काढता काढता सगळ्यांचे गळे तसेच घडले होते. जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, वाटण्या चालल्यात.

ताई म्हणजे या पावाच्या भट्टीची मालकीण, भाजणारी आणि दुकानदार, सगळं एकटीच. तिचा भाऊ पीठ मळायचा आणि पाव पोचवायचा. डोकं पांढरं झालं तरी त्याला सगळे धाकट्याच म्हणत. धाकट्याची बायको सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची, म्हणून गल्लीत तिचं नाव फोटोवाली वहिनी. अख्ख्या गल्लीच्या बरगड्या तिनं पाहिलेल्या, त्यामुळे तिच्याशी कुणी फार फुशारकी मारत नसे.

तर ही वहिनी या घरात आल्यापासून बेटाचं वर्णन ऐकत होती. ते तिला पाठ झालं होतं. ताई कधीतरी तिथे जाऊन आलीय याबद्दल तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

एके सकाळी भूगोलाचे मास्तर रांगेत होते. शाळेतून निवृत्त झालेले, पण प्रश्न विचारायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, "ताई, तुम्ही गेलात तेव्हा दीपगृहाच्या बाजूनं वर चढलात, की कड्याकडून?"

"मी?" ताईनं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं. "मी कुठे गेलेय, मास्तर? धाकट्या गेला होता, शाळेच्या सहलीला. त्यानं सांगितलं ते मी सांगते. घ्या, गरम आहे, सांभाळून."

आणि पुढच्याला विचारलं, "तुम्हाला काय?"

वहिनी कामाला निघाली होती, डबा हातात, एक पाय उंबऱ्याबाहेर. ती तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, ताई बेटावर गेल्याच नाहीत?"

धाकट्यानं पिठाचे हात झटकले. "नाही. तिच्या वर्गाची सहल निघाली तेव्हा बाबांचा हात मोडला होता. मग भट्टीवर कोण? ती थांबली. पुढे माझ्या वर्गाची निघाली, तेव्हा माझ्या वाटणीचं पीठ मळायला पुन्हा तीच थांबली. मी आलो तर मला पोत्यावर बसवलं आणि म्हणाली, सांग. पहिल्यापासून सांग."

"आणि नंतर?"

"नंतर काय! लग्नं असोत, बारशी असोत, आपण जायचो आणि ती थांबायची. भट्टी काय टांगून ठेवता येते का खुंटीला?" एवढं बोलून तो उगाचच यंत्राला तेल देत बसला. बोलायचं नसलं की त्या यंत्राला फार तेल मिळायचं.

वहिनी मनाशी हिशेब मांडत पोत्यावर बसली. कारण त्या थांबण्यात तिचाही वाटा होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा भट्टीच्या धगीला ती इतकी भ्यायची की पावाची फळी तिच्या हातातून पडायची. एकदा तर सगळा घाणाच जमिनीवर गेला. सासरी आलेल्या मुलीला यावर काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताईनं एवढंच विचारलं, "भाजलं नाही ना कुठे? मग झालं." आणि आठवडाभरात तिनंच कुठूनतरी चौकशी करून आणली, की दवाखान्यात एक्स-रेचं शिक्षण देतात. "आगीपाशी तुझं जमायचं नाही बाई. तू तिथे जा. इथे मी आहे." पुढे छोटी जन्मली, ती दिवस भरायच्या आधीच, मुठीत मावेल एवढी. मायलेकी दवाखान्यात अडकल्या, तेव्हा भट्टी सांभाळून ताई रोज येऊन बसायची आणि काचेच्या पेटीतल्या त्या जिवाला ठणठणीत आवाजात बेट सांगायची. नर्सबाई ओरडल्या तर त्यांनाही सांगायची. छोटी आता शाळेत अव्वल नंबरानं धावते. "इथे मी आहे" या तीन शब्दांवर आपलं सगळं आयुष्य उभं आहे, हे वहिनी कधी विसरली नव्हती. फक्त ते फेडायचं कसं, ते तिला सापडत नव्हतं.

आता सापडलं. तिनं दवाखान्यातल्या दुपारच्या सुट्टीत बेटाची चौकशी केली, तर वेळ फारच थोडा उरला होता. बेट राखीव होतं, होड्या मोजक्याच जायच्या, आणि हा हंगाम संपला की बेट माणसांना बंद होणार होतं. पक्ष्यांची संख्या सावरेपर्यंत काही वर्षं तरी तिकडे कुणाला पाय ठेवता येणार नव्हता. ताईचे पाय उभं राहून राहून आत्ताच संध्याकाळी सुजायचे. काही वर्षांनी तिला तो चढ चढता येईल, असं म्हणायला वहिनीची जीभ रेटेना, तिनं तर ते गुडघे आतून पाहिले होते. म्हणजे आता, नाहीतर कधीच नाही. हंगामाच्या शेवटच्या होडीत चौघांची जागा होती. तिनं कुणालाही न विचारता ती घेऊन टाकली.

रात्रीच्या जेवणाला ही बातमी फुटली, आणि ताई पहिलंच वाक्य बोलली, "वा! तुम्ही तिघं जाऊन या! मी थांबते."

"चौघांची जागा आहे, ताई."

"मग शेजारणीला न्या. बिचारी कुठे जात नाही."

"मी थांबतो," धाकट्या म्हणाला.

"तू? तू भट्टीजवळ एकटा? मागे एकदा थांबला होतास, तेव्हा पाव काढला होतास की कोळसा?"

धाकट्या ताटात बघू लागला. वहिनीनं ओळखलं, की हा किल्ला सरळ चालून जाऊन पडायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खडू घेतला आणि दुकानाच्या दारावर लिहिलं: 'रविवारी दुकान बंद. ताई बेटावर जाणार आहे.' आणि कामाला निघून गेली.

संध्याकाळी परत येते तो काय, दुकानापुढे ही गर्दी! पावासाठी नव्हे. शिंप्यानं कानटोपी आणली होती. मास्तरांनी त्यांची दुर्बीण आणली होती, जिला ते बायकोलाही हात लावू देत नसत. बूट दुरुस्त करणाऱ्यानं ताईचे पाय बघून जाळीच्या कापडाचे मऊ बूट आणले होते, "सूज आली तरी चावायचे नाहीत" म्हणून. ताई सगळ्यांवर ओरडत होती, "अरे, मी जात नाहीये! हिनं परस्पर लिहिलंय! आणि रविवारी तुम्ही खाल काय?"

"शिळा पाव खाऊ," मास्तर म्हणाले. "एक दिवस शिळा खाल्ला म्हणून कुणी मरत नाही. आणि ताई, तुम्ही गेला नाहीत ना, तर सोमवारपासून मी तुमचं बेट ऐकून घेणार नाही. स्पष्ट सांगतो."

रांगेत एकच हशा पिकला. ताई हसली नाही. तिनं दुर्बिणीचा पट्टा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि यंत्र बंद असतानाही कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "बघू."

ताई 'बघू' म्हणाली म्हणजे मांडव उभा राहिला समजायचं. तयारी सुरू झाली.

बेटाचे नियम छोटीनं मोठ्यानं वाचून दाखवले. मोठ्यानं म्हणजे त्या घरातल्या मोठ्यानं. पहिला नियम, बेटावर मोठ्यानं बोलायचं नाही.

"झालं!" धाकट्या म्हणाला. "आपण धक्क्यावरूनच परत."

मग सराव सुरू झाला. जेवताना कुजबुजायचं. पहिल्या दिवशी कुणालाच काही मिळालं नाही, कारण कोण काय मागतंय ते कळेना. ताईनं कुजबुजत भाजी मागितली ती शेजारणीला ऐकू गेली आणि ती वाटी घेऊन आली. वहिनी दवाखान्यात रोज माणसांना 'श्वास घ्या, धरा, हलू नका' म्हणायची. तोच मंत्र तिनं घरात लावला. ताईला हसू आवरेना, श्वास काही धरवेना.

दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बेटावर बाहेरचं बी जाता कामा नये, एकसुद्धा. बाहेरचं गवत रुजलं की बिळांची तोंडं बुजतात आणि पिल्लं आत कोंडून मरतात. म्हणून कपडे, खिसे, पिशव्या, बूट, सगळं धक्क्यावर तपासणार. आता पाववाल्याच्या घरात बी कुठे नसतं ते सांगा! तीळ उशीत, खसखस दप्तरात, जवस धाकट्याच्या कानात. ताईनं पदर खोचावा तशी कंबर कसली. "पिल्लं कोंडून मरतात म्हणजे काय! माझ्यामुळे? शक्यच नाही!" कपडे तीनतीनदा धुतले, खिसे उलटे करून शिवून टाकले, शिवणी सुईनं टोकरल्या. नवे बूट तर तिनं पिशवीत बांधून शेजारणीकडेच नेऊन ठेवले, दुकानाचा वारासुद्धा लागायला नको. इतकी काटेकोर तयारी त्या घरात लग्नालाही झाली नव्हती.

रविवार उजाडला. धक्क्यावर वारा सणसणत होता. पलीकडे पाण्यात बेट दिसत होतं, हिरवं, जरासं कलतं. ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. नवरीनं खाली बघावं तशी जमिनीकडे बघत उभी होती, आणि तिचे गाल लाल झाले होते.

तपासणीला एक तरुण रक्षक होती, हातात ब्रश, पुढे पांढरा पाट. धाकट्या सुटला. छोटी सुटली. वहिनीचे दवाखान्यातले रबरी बूट ओल्या फडक्यानं पुसले की चकचकीत, ती तर चुटकीसरशी सुटली. ताईची पाळी आली. कोट झटकला, काही पडलं नाही. केस विंचरले, काही पडलं नाही. बूट पाटावर आपटले, एक कणसुद्धा नाही.

"कमाल आहे," रक्षक म्हणाली. "इतकं स्वच्छ कुणीच येत नाही."

आता इथे थांबायला काय झालं होतं! पण कौतुक झालं की ताईला राहवत नसे. तिनं पिशवीत हात घातला. "थांब बाई, तुझ्यासाठी काहीतरी आणलंय. कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये." आणि पिशवीतून निघाला खसखशीचा मोठा थोरला पाव, दुकानाच्या फडक्यात गुंडाळलेला. सगळे उठायच्या आत उठून, गुपचूप भट्टी पेटवून भाजलेला.

"ताई!" वहिनी ओरडली.

उशीर झाला होता. ताईनं पाव रक्षकाच्या हातात ठेवला आणि जन्मभर दिवसातून शंभरदा जे केलं तेच केलं. फडकं झटकलं. वाऱ्यानं ते सगळं उचललं आणि तिच्याच पायांवर आणून ओतलं.

सगळ्यांच्या नजरा तिच्या बुटांवर गेल्या. मग ताई म्हणाली, "अगं, पण पाव बी कुठे असतो? पाव म्हणजे पाव! आणि भाजलेली खसखस उगवते का कधी?"

"पावावरची नाही उगवत," रक्षक हळू म्हणाली, "पण फडक्यातली कच्ची आहे, आजी."

ते खरं होतं, आणि ताईइतकं ते कुणाला कळणार? तिचा चेहरा उतरला. कोटाचं जमलं, रक्षकानं तपासणीच्या खोलीतून तिथला एक कोट आणून दिला. पण बूट जाळीचे. जाळीच्या प्रत्येक भोकात खसखस जाऊन बसलेली. ब्रश मारला, झटकले, सुईनं काढली, तरी आत दिसतच होती. जास्तीचे बूट धक्क्यावर नव्हते, आणि अनवाणी बेटावर जाता येत नव्हतं. होडीवाल्यानं भोंगा दिला. धाकट्यानं घाईघाईनं आपले बूट काढून पुढे केले. त्यात ताईचे दोन्ही पाय एकाच बुटात मावले असते.

"असू दे रे," ताई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, रोज पाव देताना असतो तसा. "तुम्ही जा. मी थांबते. आल्यावर सांगा म्हणजे झालं." आणि ती बाकावर बसलीसुद्धा. थांबायची सवय अशी असते, माणूस रडायलाही विसरतं.

वहिनीच्या डोळ्यांपुढे ती काचेची पेटी आली. ती खाली बसली आणि स्वतःचे बूट काढू लागली.

"हे काय करतेस?" ताई दचकली.

"पाय पुढे करा."

"अजिबात नाही! तू जागा मिळवलीस, तू रजा काढलीस..."

"ताई." वहिनीनं दवाखान्यातला आवाज लावला, ज्याच्यापुढे भल्याभल्यांचे सदरे उतरतात. "श्वास घ्या. धरा. हलू नका."

आणि ताईनं खरंच श्वास धरला. तेवढ्यात एक बूट चढला. पाठोपाठ दुसराही.

"अगं, मग तू काय करशील इथे दिवसभर?"

"इथे मी आहे," वहिनी म्हणाली. "तुम्ही जा."

 छोटीनं ताईचा एक हात धरला, धाकट्यानं दुसरा, आणि तिला होडीत चढवलं. होडी निघाली. ताई बेटाकडे पाठ करून मागे, धक्क्याकडेच बघत उभी राहिली. शेवटी वहिनीनं दोन्ही हातांनी खुणा केल्या, 'अहो, तिकडे बघा, तिकडे!' तेव्हा कुठे ती वळली.

दिवस वहिनीला वाटला तेवढा मोठा गेला नाही. तिनं पाय कोटात गुंडाळून घेतले. रक्षक काम आटोपून तिच्याशेजारी येऊन बसली. दोघींनी मिळून तो पाव मोडला, कारण धक्क्याच्या या बाजूला खसखशीला बंदी नव्हती. रक्षकानं एक घास खाल्ला, लगेच दुसरा तोडला आणि म्हणाली, "असा पाव मी कधी खाल्ला नाही." "कशी खाल?" वहिनी म्हणाली. "तो करणारी कधी घराबाहेर पडलीच नाही ना!" पायांना गार लागत होतं, पण मनात काहीतरी फार वर्षांनी जागच्या जागी बसल्यासारखं वाटत होतं. पलीकडे बेटावर मुंगीएवढी माणसं चढताना दिसली. त्यातली ताई कोणती ते कळेना, म्हणून ती सगळ्यांकडेच प्रेमानं बघत राहिली.

ऊन कलल्यावर होडी परत आली. छोटी उडी मारून उतरली. धाकट्या उतरला, त्याचे डोळे लाल झालेले आणि तो वाऱ्याला दोष देत होता. सगळ्यात शेवटी ताई, दुर्बीण छातीशी धरून. वहिनीला वाटलं, आता सुरू होणार, सगळा धक्का दणाणणार.

पण ताई तिच्याजवळ येऊन बसली आणि दुर्बिणीचा पट्टा गुंडाळू लागली.

"काय झालं, ताई? पक्षी दिसले नाहीत?"

"दिसले." ताईचा आवाज इतका हळू होता, की वहिनीला वाकावं लागलं. "खूप दिसले. हाताच्या अंतरावर. एक तर माझ्याकडे बघत बसला होता... तुझ्या बुटांकडे." तिनं दुर्बीण बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला ना, एक गोष्ट कधी कळली नव्हती बघ. तुम्ही सगळे कुठे कुठे जायचात. मी आनंदानं पाठवायची, तसं काही नाही. पण पाव लावताना मनात यायचं, की तिकडे मजेत असताना यांना माझी आठवण येत असेल का? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, नाही कशाला म्हणाल?"

धाकट्या होडीचा दोर बघत उभा होता. तो वळला नाही, पण सगळं ऐकत होता.

"आज कळलं," ताई म्हणाली. तिनं वहिनीचे गारठलेले पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि पाव लावणाऱ्या त्या रुंद हातांनी चोळू लागली. "येते गं. मागे थांबलेल्या माणसाची फार आठवण येते. प्रत्येक गोष्ट बघितली की आधी तेच मनात येतं. म्हणजे माझीही येत असणार. इतकी वर्षं."

"येत होती, ताई," धाकट्या दोराकडे बघतच म्हणाला. मळायच्या यंत्रावर चढवलेला त्याचा तो आवाज पार चिरकला.

वहिनीनं डोळे पुसले. ताईनं पुसले नाहीत, तिचे हात पाय चोळण्यात गुंतले होते.

"बरं, आता माझे बूट द्या," वहिनी म्हणाली. "आणि सांगा, दीपगृहाच्या बाजूनं चढलात की कड्याकडून?"